डिस्क गोल्फ: पूर्ण जोर लावूनही डिस्क डावीकडेच का पडते?

जून २०२१. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ऑग्डेन शहर. डिस्क गोल्फच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा होल सुरू होता. पाच वेळचा जगज्जेता पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होता आणि विजेतेपद जवळपास त्याच्या खिशात होतं. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स कॉनरॅड बास्केटपासून २४७ फूट, म्हणजे साधारण ७५ मीटर लांब उभा होता. बरोबरी साधायची तर डिस्क तिथून थेट बास्केटमध्ये जायला हवी होती. ती गेली. सामना प्लेऑफमध्ये गेला आणि कॉनरॅड जगज्जेता झाला. त्या फेकीचा व्हिडिओ हा खेळ कधीच न पाहिलेल्या लोकांच्या मोबाइलवरही पोहोचला.

असे व्हिडिओ पाहून मैदानात उतरणाऱ्या नवख्याचा अनुभव मात्र वेगळा असतो. तो जीव खाऊन डिस्क फेकतो. डिस्क आधी वर चढते, हवेत क्षणभर थबकते, डावीकडे कलते आणि चाळीस-पन्नास मीटरवर येऊन पडते. मग तो आणखी जोर लावतो. डिस्क आणखी वर जाते आणि आणखी डावीकडे पडते. दोन आठवड्यांनी खांदा दुखू लागतो, अंतर मात्र तेवढंच राहतं.

यात ताकदीची कमतरता नसते. हातातून सुटताना डिस्क कोणत्या कोनात आहे, यावर तिचं पुढचं सगळं उड्डाण ठरतं. कोन चुकलेला असेल तर जास्त जोर ती चूक फक्त मोठी करून दाखवतो.

खेळ नेमका काय आहे?

नियम गोल्फसारखेच आहेत. चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेलं लोखंडी बास्केट. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक, असं करत कमीत कमी फेकींत बास्केट गाठायचं. एका कोर्समध्ये सहसा १८ होल असतात.

या खेळाला आजचं रूप दिलं एड हेड्रिक यांनी. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत त्यांनी काम केलं होतं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. साखळ्यांचं बास्केटही त्यांचंच आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनची सुरुवातही त्यांनीच केली. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून काही डिस्क बनवण्यात आल्या.

१९८३ मध्ये इनोव्हा कंपनीच्या डेव्ह डनिपेस यांनी तिरप्या, पातळ कडेची डिस्क आणली आणि खेळाचा वेग बदलला. अल्टिमेट फ्रिस्बीची डिस्क साधारण २७ सेंटिमीटर रुंद आणि १७५ ग्रॅमची असते. डिस्क गोल्फचा ड्रायव्हर जवळपास तेवढ्याच वजनाचा असतो, पण फक्त २१ सेंटिमीटर रुंद. तो हवा कापत जातो. म्हणूनच तो लांब जातो आणि चुकलेला कोनही लगेच उघडा पाडतो.

तीन कोन, जे वेगवेगळे ओळखता यायला हवेत

पुढचं सगळं वर्णन उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीचं आहे. या फेकीत उजवा खांदा लक्ष्याकडे असतो आणि हात छातीसमोरून पुढे जातो. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं. उजव्या हाताच्या फोरहँडमध्ये डिस्क उलट दिशेने फिरते, त्यामुळे तिथेही डाव्याचं उजवं होतं.

कोन समजायला सोपं जावं म्हणून डिस्क म्हणजे वरणाने काठोकाठ भरलेली ताटली आहे असं समजू.

* हायझर आणि अ‍ॅनहायझर: हा आडवा कल. वरण फेकणाऱ्यापासून लांबच्या कडेने सांडत असेल तर तो हायझर, डिस्क डावीकडे वळणार. फेकणाऱ्याच्याच अंगावर सांडत असेल तर अ‍ॅनहायझर, डिस्क उजवीकडे वळणार. अजिबात सांडत नसेल तर फेक सपाट.
* नाकाचा कोन: डिस्कची पुढची कड म्हणजे तिचं नाक. डिस्क ज्या दिशेने निघाली आहे, त्या रेषेपेक्षा पुढची कड उचललेली असेल तर नाक वर, झुकलेली असेल तर नाक खाली.
* उड्डाणाचा कोन: डिस्क जमिनीच्या तुलनेत किती चढत्या दिशेने निघाली, तो कोन.

बहुतेकांची गल्लत शेवटच्या दोन कोनांत होते. समजा डिस्क १० अंश चढत्या दिशेने निघाली आणि तिची बैठकही जमिनीशी १० अंशांचीच आहे. मग नाकाचा कोन शून्य आहे. डिस्क हवेत सुरीसारखी घुसेल. पण बैठक १५ अंशांची झाली तर नाक ५ अंश वर आहे. आता डिस्कचा तळ समोरच्या हवेवर आदळतो. उंची हवी असेल तर फेकीची दिशा वर न्यायची, नाक उचलायचं नाही. हा एक फरक कळला तरी निम्मं काम झालं.

डिस्क आधी उजवीकडे आणि मग डावीकडे का जाते?

उत्तर भोवऱ्यात आहे. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याला एका बाजूने ढकललं तर तो त्या बाजूला आडवा होत नाही. ढकलण्याचा परिणाम फिरण्याच्या दिशेने पाव फेरी पुढे दिसतो. डिस्कचंही तसंच होतं. चांगल्या खेळाडूच्या हातून सुटलेली डिस्क मिनिटाला हजाराहून जास्त फेऱ्या घेत असते आणि उजव्या बॅकहँडमध्ये वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असते.

सुरुवातीला वेग जास्त असताना हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या मध्याच्या किंचित मागे पडतो. म्हणजे पुढची कड खाली दाबली जाते. पाव फेरी पुढे त्याचा परिणाम उजव्या कडेवर होतो, ती झुकते आणि डिस्क उजवीकडे सरकते. याला टर्न म्हणतात.

वेग कमी झाला की डिस्क खाली बसू लागते आणि हवा तळावर जास्त लागते. उचलणारा जोर मध्याच्या पुढे सरकतो. पुढची कड वर ढकलली जाते, पाव फेरीनंतर उजवी कड उचलली जाते आणि डिस्क डावीकडे झुकते. हा फेड. लांबच्या फेकीचं ते सुंदर इंग्रजी ‘एस’सारखं वळण या दोन टप्प्यांतून तयार होतं.

आता नवख्याच्या फेकीकडे पाहू. त्याचं नाक हात सुटतानाच वर असतं. त्यामुळे उचलणारा जोर पहिल्या क्षणापासूनच पुढे असतो. डिस्क टर्नचा टप्पा जवळपास घेतच नाही, सरळ फेडमध्ये शिरते. शिवाय तळावर हवा आदळल्याने वेगही झपाट्याने कमी होतो. वर चढणं, थबकणं आणि डावीकडे कोसळणं, ही तिन्ही लक्षणं एकाच चुकीची आहेत.

नाक खाली कसं आणायचं?

नाक वर राहण्यामागे चार नेहमीची कारणं असतात.

१. पकड: डिस्क बोटांच्या टोकांवर टेकवून धरली की पुढची कड आपोआप उचलली जाते. डिस्कची कड तळहाताच्या रेषेत बसवावी आणि डिस्कची पातळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला समांतर राहील असं पाहावं.

२. मनगट: हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि मनगट थोडं खाली झुकवलं की नाक खाली येतं. किटलीतून चहा ओतताना मनगट जसं झुकतं, तशीच ही हालचाल. ती फेकीच्या शेवटच्या क्षणी करायची नाही. सुरुवातीपासून तशीच ठेवायची.

३. खालून वर उचलणारा हात: उंची मिळवायच्या नादात हात कमरेजवळून खांद्यापर्यंत वर ओढला जातो आणि डिस्क चमच्यासारखी उचलली जाते. त्याऐवजी हात छातीच्या उंचीवरून एका रेषेत न्यावा. वर जायचं असेल तर खांद्यांची रेषाच थोडी वर कलवावी.

४. मागच्या पायावर राहिलेलं वजन: शरीर मागे रेललं की डिस्कही मागे रेलते. हात जोरात पुढे येण्याआधी वजन पुढच्या पायावर गेलेलं असायला हवं.

हायझरचा कोन कमरेतून, मनगटातून नाही

दुसरी मोठी चूक म्हणजे हायझर किंवा अ‍ॅनहायझर मिळवण्यासाठी सुटताना मनगट वळवणं. असं केलं की हात एका पातळीत फिरतो आणि डिस्क दुसऱ्या पातळीत. हातातून निघालेली डिस्क मग थरथरत, डगमगत जाते. डगमगणारी डिस्क वेग गमावते आणि कुठे वळेल याचा भरवसा राहत नाही.

योग्य पद्धत अशी, की हात आणि पाठीचा कणा यांच्यातला कोन जवळपास तोच ठेवायचा आणि शरीर कलवायचं. हायझरसाठी कमरेतून पुढे वाकायचं. अ‍ॅनहायझरसाठी ताठ व्हायचं किंवा किंचित मागे रेलायचं. हात कोणत्या पातळीत फिरणार, हे शरीर ठरवतं आणि डिस्क त्याच पातळीत निघते.

एकाच जागी पोहोचायला हे कोन वेगवेगळे रस्ते देतात. डावीकडून झाडाला वळसा घालायचा असेल आणि नंतर उजवीकडे यायचं असेल तर अ‍ॅनहायझर. उजवीकडून फिरून डावीकडे शिरायचं असेल तर हायझर. डिस्क उजवीकडे वळणाऱ्या जातीची असेल आणि ती वेगाने हायझरवर सोडली तर हवेत ती हळूहळू सपाट होते आणि बराच वेळ सरळ जाते. याला हायझर-फ्लिप म्हणतात. अनेक लांब फेकी अशाच असतात.

दिशेची अचूकताही कोनांचाच खेळ आहे. १०० मीटरवरच्या लक्ष्यासाठी निघतानाची दिशा १ अंशाने चुकली तर डिस्क साधारण पावणेदोन मीटर बाजूला जाते. ५ अंशांनी चुकली तर जवळपास नऊ मीटर.

फेकीची शैली: पायापासून बोटांपर्यंत

शेतात पाखरं हाकलणारा गोफण फिरवतो तेव्हा दगडाला वेग नुसत्या हाताच्या जोराने मिळत नाही. तो फिरण्यातून येतो आणि दगड नेमका कधी सुटला यावर दिशा ठरते. डिस्कची फेक याच जातीची आहे. जोर जमिनीतून पायात, पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी हातात येतो. हात हा साखळीतला शेवटचा दुवा आहे.

पाय: उजव्या हाताचा खेळाडू उजवं पाऊल, मग त्याच्या मागून डावं, मग पुन्हा उजवं अशी तिरकी चाल घेतो. याला एक्स-स्टेप म्हणतात. शेवटचं पाऊल घट्ट रोवलं जातं. गाडीला अचानक ब्रेक लागल्यावर आतली माणसं पुढे फेकली जातात, तसं पाय थांबल्यावर कंबर आणि खांदे वेगाने फिरतात. नवख्याने मात्र आधी एका जागी उभं राहूनच फेकावं. चाल नंतर.

मागे नेणं: हात नुसता मागे ताणून उपयोग नाही. कंबर आणि खांदे वळले की हात आपोआप मागे जातो. या क्षणी लक्ष्यावर नजर खिळवून ठेवली तर खांदे पूर्ण वळत नाहीत. म्हणून मानही वळू द्यावी.

पुढे आणणं: डिस्क छातीला लगटून सरळ रेषेत यावी आणि कोपर पुढे असावं. दंड छातीला चिकटला की डिस्क शरीराभोवती गोल फिरते, तिला सरळ रेषाच मिळत नाही. मग ती कधी लवकर सुटते, कधी उशिरा. दंड आणि छाती यांच्यात साधारण काटकोन राहिला तर ही अडचण येत नाही.

सुटका: डिस्क मुद्दाम सोडायची नसते. सुरुवातीला पकड नेमस्त, शेवटच्या क्षणी घट्ट. हात पूर्ण वेगात असताना डिस्क बोटांतून स्वतःच निसटते. बोटांच्या याच झटक्यातून तिला फिरकी मिळते.

फेकीनंतर: हात आणि शरीर पुढे फिरू द्यावं आणि रोवलेलं पाऊल टाचेवर वळू द्यावं. पाऊल जमिनीला खिळलेलं आणि शरीर फिरतंय, अशा वेळी सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

कोणती डिस्क घ्यावी?

बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. उदाहरणार्थ इनोव्हाच्या डिस्ट्रॉयरचे आकडे १२, ५, उणे १ आणि ३ आहेत, तर एव्हिआर या पटरचे २, ३, ० आणि १. स्पीडचा मोठा आकडा पाहून ‘ही लांब जाईल’ असं वाटतं. पण ही डिस्क ठरल्याप्रमाणे उडायला किती वेग लागतो, हे तो आकडा सांगतो. नवख्याच्या वेगाला डिस्ट्रॉयर टर्न घेतच नाही, सरळ फेड होते. म्हणजे चूक फेकीची की डिस्कची, हेच कळत नाही.

म्हणून शिकताना पटर किंवा मिडरेंज डिस्क वापरावी. ती हळू वेगातही प्रामाणिकपणे उडते आणि डगमगली तर लगेच दिसते. पटर साठ मीटर सरळ जाऊ लागला की मगच ड्रायव्हर हातात घ्यावा.

वारा

समोरून वारा आला की डिस्कच्या दृष्टीने तिचा वेग वाढलेला असतो. त्यामुळे टर्न वाढतो आणि डिस्क उजवीकडे पलटू शकते. अशा वेळी थोडा हायझर द्यावा, नाक खाली ठेवावं आणि फेक खालून न्यावी. मागून वारा असेल तर उलट होतं, डिस्क लवकर फेड होते. तेव्हा थोडी उंच, हलक्या वळणाऱ्या डिस्कची फेक उपयोगी पडते. वाऱ्याची साथ किती मोठी असू शकते याचं उदाहरण म्हणजे डेव्हिड विगिन्स ज्युनिअर. २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याचा फायदा घेत त्याने डिस्क ३३८ मीटर लांब फेकली.

डिस्क काय सांगते?

* वर चढून थबकते आणि डावीकडे कोसळते: नाक वर आहे. मनगट आणि पकड तपासावी.
* निघताच उजवीकडे पलटून जमिनीवर घरंगळते: नकळत अ‍ॅनहायझर झाला आहे, मनगट वळलं आहे किंवा डिस्क फार हलकी वळणारी आहे.
* डगमगत जाते: हाताची आणि डिस्कची पातळी वेगळी आहे, किंवा पकड सैल आहे.
* लक्ष्याच्या बरीच उजवीकडे निघते: डिस्क उशिरा सुटली. बहुधा ती शरीराभोवती गोल फिरली आहे.
* लक्ष्याच्या बरीच डावीकडे निघते: डिस्क लवकर निसटली. पकड आणि खांद्यांचं वळण पाहावं.

सराव कसा करावा?

मोकळं मैदान, एकाच जातीच्या पाच-सहा डिस्क आणि स्लो मोशन असलेला मोबाइल एवढं पुरेसं आहे. एक व्हिडिओ मागून घ्यावा, त्यात हायझरचा कल दिसतो. दुसरा बाजूने घ्यावा, त्यात नाक आणि उड्डाणाचा कोन दिसतो. ‘मी सपाट फेकली’ असं वाटणं आणि व्हिडिओत दिसणारा कोन यात बऱ्याचदा मोठी तफावत असते.

निम्म्या जोराने उभ्या जागी दहा फेकी हायझरवर, दहा सपाट आणि दहा अ‍ॅनहायझरवर कराव्यात. तिन्ही वेळा लक्ष्य तेच ठेवावं. एका दिवशी एकच चूक दुरुस्त करायला घ्यावी: आधी नाक, मग हायझरचा कोन, मग रेषा आणि सर्वांत शेवटी वेग. सरावाआधी खांदे, पाठ आणि कंबर मोकळी करावी. खांदा किंवा कोपर दुखू लागलं तर त्या दिवसापुरतं थांबावं.

या डिस्क कडक प्लॅस्टिकच्या असतात आणि लागल्या तर मोठी इजा होऊ शकते. समोर माणसं असतील तर फेकू नये. डिस्क भलतीकडे गेलीच तर गोल्फप्रमाणे इथेही ‘फोर!’ अशी मोठ्याने हाक देतात.

डिस्क गोल्फचा कोर्स जवळ नसला तरी अडत नाही. भोवरा, नाक आणि हायझर यांचे नियम साध्या फ्रिस्बीलाही लागू आहेत. फरक इतकाच, की ती रुंद आणि संथ असल्याने चुका थोड्या सांभाळून घेते.